चार ड्रमांचा रंग

दादाच्या मोटारीच्या ब्रेकचे ड्रम आम्ही घरीच, ओसरीवर बसून रंगवले. ज्यांना मोटारीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. त्या काळच्या मोटारींना प्रत्येक चाकाच्या मागे बिडाचा एक ड्रम असे, पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा. दादाच्या मोटारीचे ड्रम नऊ इंची होते. ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात आणि त्यांवर तपकिरी रंगाचे लायनर बसवलेले असतात. पायाने ब्रेक दाबला की हे लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात आणि चाक थांबतं. ड्रमची बाहेरची बाजू कशी का दिसेना, काही बिघडत नाही. आतली भिंत आणि लायनर मात्र अगदी कोरडे असावे लागतात.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. मी सांगलीला एका गिरणीच्या कचेरीत हिशेबनीस होतो आणि नवरात्रात रजा घेऊन गावी आलो होतो. आमचं गाव साताऱ्याहून वाईकडे जाताना लागतं. माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणतो, फौजेतून पेन्शनीवर आला होता. सगळी नोकरी त्याने डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक चालवण्यात घालवली होती आणि एकदाही गाडी कुठे घासलेली नव्हती. एवढ्या वर्षांत तो घरी आला तो सुट्टीपुरता. वहिनींनी दोन पोरं आणि चार एकर रान एकटीने सांभाळलं.

आता त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या. पलटणीतल्या एका सोबत्याने मुंबईला एका कारखान्यात रखवालदाराची जागा त्याच्यासाठी दिवाळीपर्यंत धरून ठेवली होती. नाहीतर मग स्वतःची टॅक्सी. त्याने एक जुनी काळी मोटार घेतली. साताऱ्याच्या कचेरीत तपासणी होऊन तिचं पासिंग झालं की वाई ते महाबळेश्वर भाडी मारायची आणि रात्री घरी जेवायला यायचं, असा त्याचा बेत होता. आईने मुंबईचं नाव काढायचं नाही असं घरात बजावून ठेवलं होतं. वहिनी बोलत नसत, पण मोटार अंगणात आली त्या दिवशी त्यांनी तिच्या चाकांवर पाणी घातलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

इंजिन दादाने स्वतःच खोलून बसवलं होतं. राहिला होता रंग. चाकाच्या भोकांतून आतले ड्रम तांबेरलेले दिसत, ते त्याला बघवत नव्हतं.

मी म्हणालो, "दादा, ते कोण वाकून बघणार आहे?"

"साहेब बघतोय गड्या. आमच्याकडं इन्स्पेक्शनला चाकाच्या आत हात घालून रुमालानं पुसून बघायचे. भायेरनं चकाचक आन आत गंज, म्हंजे ड्रायव्हर कामचुकार."

"हा फौजेतला साहेब नाही. साताऱ्याच्या कचेरीतला आहे."

"साहेब सगळीकडं सायबच असतोय. तू कागुद काप."

मोटार चार लाकडी ओंडक्यांवर चढवली, चाकं काढली, ड्रम काढले. तारेच्या ब्रशने गंज खरवडला, वाळूच्या कागदाने घासलं, रॉकेलने धुतलं. ड्रमच्या आतल्या भिंतीला रंगाचा थेंब लागता कामा नये, म्हणून मी वर्तमानपत्राच्या पट्ट्या मापाने कापून आत चिकटवल्या. हे काम मला जमतं. मोजून कापायचं असेल तर माझा हात चुकत नाही. मग अस्तर म्हणून तांबड्या रंगाचा एक हात, तो एक दिवस वाळू दिला, आणि वर रुपेरी रंगाचे दोन हात. परतीचा पाऊस अधूनमधून येत होता, त्यामुळे रंग लवकर वाळेना. ड्रम चुलीच्या खोलीत नेऊन ठेवावे लागले. वहिनी हसून म्हणाल्या, "आवं, उद्या आमटी बी ह्यातच करायची का?" त्या दिवसांत त्यांना एवढं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं सगळं लोखंड पुजतात. विळे, खुरपी, कोयते, कुदळ, पहार घासून पुसून पाटावर मांडायची, तेलाचा हात द्यायचा, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहायचं. त्या वर्षी दादाने पाटाशेजारी ते चार ड्रम मांडले. रुपेरी रंगावर कुंकू असं उठून दिसलं की शेजारच्या दोन बाया बघायला आल्या. पूजा झाल्यावर दादा आणि मी एसटीने साताऱ्याला गेलो. ब्रेकचं ऑइल आणि काही नटबोल्ट आणायचे होते. परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणात ओंडक्यांवरच्या मोटारीला आईने झेंडूची माळ घातली होती आणि चारही उघड्या चाकांच्या जागी हळदकुंकवाची बोटं ओढली होती.

दसऱ्याला सकाळी दादाने ड्रम बसवले. ड्रमच्या आत कुठे कुंकू गेलं असेल म्हणून प्रत्येक ड्रम पेट्रोलच्या फडक्याने दोनदा पुसला. लायनरवर त्याने बोट फिरवलं. ते आधीपेक्षा काळपट वाटत होते.

"वल धरली वाटतं पावसानं," तो म्हणाला. बोटाला काही लागलं नाही. लायनर कोरडे होते. त्याने चाकं चढवली.

त्या दिवशी गावाच्या रस्त्यावर मोटार फिरवून बघितली. ब्रेक जरा मऊ लागतो असं तो म्हणाला, पण ड्रम काढून बसवले की शू जागेवर यायला वेळ लागतो, हे त्यानेच मला समजावलं. पासिंगही झालं, परवानाही मिळाला. अधिकाऱ्याने मोटार सपाट मैदानात चालवून, थांबवून पाहिली. चाकाच्या भोकातून त्याने आत बघितलं की नाही, ते मी नक्की सांगू शकत नाही. दादाच्या मते बघितलं. तो घरी आला आणि आईच्या पाया पडला. मुंबईच्या सोबत्याला जागा नको म्हणून कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, पहिलं भाडं होऊ दे, मग कळवू. मी तसाच आहे, पुरता हिशेब जुळल्याशिवाय खाली रेघ मारत नाही.

पहिलं भाडं वाईच्याच एका मास्तरांचं होतं. निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको महाबळेश्वरला देवदर्शनाला जाणार होते. जाताना काही झालं नाही. चढाला ब्रेक लागतो किती! परतीच्या वाटेवर पाचगणी सोडून पसरणीचा घाट उतरताना, चौथ्या का पाचव्या वळणाच्या पुढे, दादाने ब्रेक दाबला आणि मोटार थांबली नाही. पाय खाली गेला, त्याला अडकाव नेहमीसारखाच होता, पण चाकं फिरत राहिली. त्याने गिअर खाली टाकला, हातब्रेक ओढला. हातब्रेकही त्याच मागच्या लायनरवर चालतो. डाव्या हाताला डोंगर होता आणि उजव्या हाताला दरी. दादाने मोटार डोंगराच्या अंगाला लावली आणि कातळाला घासत घासत थांबवली. मास्तरांच्या कपाळाला खोक पडली. बाईंचं उजवं मनगट मोडलं. दादाला खरचटलंही नाही, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त लागलं.

मी तोपर्यंत सांगलीला परतलो होतो. निरोप मिळाल्यावर पुन्हा रजा टाकून गावी आलो. मोटार एका ट्रकला बांधून ओढत आणलेली होती आणि अंगणात तिरकी उभी होती. डावी बाजू आत गेली होती. दादा तिच्याशेजारी जमिनीवर बसला होता.

एसटीत बसल्यापासून माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. माझी एखादी पट्टी सुटली असेल का? रंग आत उतरला असेल का? मी आल्या आल्या तेच विचारलं.

"बघूया," दादा म्हणाला. "मी तुझ्यासाठी थांबलो व्हतो."

आम्ही पुढचं उजवं चाक काढलं, ड्रम ओढून काढला. आतली भिंत स्वच्छ होती, रंगाचा ठिपकाही नव्हता. पण ती चकचकत होती. लायनर काळे पडले होते आणि त्यांच्या अंगावर घाम फुटावा तसे बारीक थेंब वाळून चिकट झालेले होते. ब्रेकचं ऑइल गळलं असेल म्हणून दादाने नळी बघितली, सिलिंडर बघितला. दोन्ही कोरडे होते. त्याने लायनरवर बोट घासलं, नाकाशी नेलं आणि मग माझ्या नाकापुढे धरलं.

एरंडेल.

आमच्या घरात एरंडेल एकाच कामाला वापरलं जाई. चामड्याला. बैलांच्या वाद्या, आसूड, वहाणा, जे काही चामडं कोरडं पडून तडकायला लागेल त्याला आई एरंडेलाचं बोट लावून मुरवत ठेवी. मुरलं की वरून काही कळत नाही, चामडं फक्त काळपट दिसतं. लायनर दिसायला वहाणेच्या तळव्यासारखेच असतात. तांबूस, कोरडे, कडेला रिबिटं मारलेले. सपाटीवर तेल आतच राहिलं होतं. घाटात लायनर तापले तसं ते बाहेर आलं.

दादाने त्या बोटाकडे पाहिलं. मग ते मातीत पुसलं. "आईला काय बोलायचं न्हाई. कळलं का?"

"पण दादा, हे सांगायला नको?"

"कुनाला? काय म्हनून? म्हातारीनं पूजा केली म्हनून?"

तेवढ्यात आईच चहा घेऊन बाहेर आली. कपबश्या जमिनीवर ठेवून तिने उघड्या चाकाकडे पाहिलं, आणि आपण होऊन म्हणाली, "आरं, मी तर लय जपून केलं व्हतं. तुमी साताऱ्याला गेल्यावर पाह्यलं तर ह्यातलं चामडं कोरडं ठाक. म्हटलं, एवढा रंग दिला पोरांनी आन चामड्याचं इसरले. चारी चाकांस्नी तेल जिरवलं बघ. तरी कसं रं असं झालं?"

मी चहाचा कप उचलला आणि परत खाली ठेवला. दादाने मान वर केली नाही.

"म्हनून तर वाचलो, आई," तो म्हणाला. "तेल व्हतं म्हनून एवढ्यावर निभावलं."

आईचा चेहरा एकदम सैल पडला. अपघात झाल्यापासून ती जेवली नव्हती, असं वहिनी मला सांगत होत्या. त्या दिवशी ती जेवली.

हे खोटं मला पचत नव्हतं. पण आई जेवत होती, त्यामुळे मी गप्प राहिलो. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी आमचा चुलतभाऊ दारावरून चालला होता. त्याच्याकडे जुनी जीप होती आणि तो गावातली माणसं घेऊन मेढ्याला, कधी पाटणला जात असे. आईने त्याला हाक मारून थांबवलं.

"आरं, तुझ्या गाडीच्या चाकात चामडं असतंय न्हवं?"

"चामडं? चाकात कुठलं चामडं काकी?"

"असतंय रं. ब्रेकाचं. तेला एरंडेल जिरवून ठेव. आमचा वाचला तो त्येच्यामुळं. न्हाईतर दे आनून, मी लावती."

तो हसला. "काकी, तुमी आता म्येस्त्री झालासा म्हना की. येतो संध्याकाळी गाडी घिऊन!"

दादा न्हाणीघरातून ओल्या अंगाने बाहेर आला. त्याने चुलतभावाला जायला सांगितलं, तू गाडी आणू नको म्हणाला, आणि आईला हाताला धरून ओसरीवर बसवलं. मग त्याने सगळं सांगितलं. लायनर म्हणजे चामडं नव्हे, ते घासावं लागतं, तेल लागलं तर घसरतं. त्याने आवाज चढवला नाही. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनाही ते तेव्हाच कळलं.

आईने विचारलं, "त्या बाईचा हात कुठला मोडला? उजवा का डावा?"

"उजवा."

"म्हंजे भाकरी थापता येत नसंल."

दुसऱ्या दिवशी तिने मला वाईला न्यायला सांगितलं. दादा नको म्हणाला. "मी जाऊन आलोय तितं, आई. बोललोय त्यांच्याशी."

"तू बोललास. मी कुठं बोललीया?"

मास्तरांचं घर नदीकडच्या आळीत होतं. बाई पलंगावर बसलेल्या होत्या, हात प्लास्टरात, गळ्यात अडकवलेला. आई खाली सतरंजीवरही बसेना. उभ्या उभ्याच म्हणाली, "बाई, तुमचा हात माझ्यामुळं मोडला. पोराचं काय चुकलं न्हाई. मी चाकात तेल घातलं."

बाईंना काही समजलं नाही. मी समजावून सांगितलं. त्या आईला म्हणाल्या, "एवढं सांगायला एसटीनं आलात? बसा तरी."

मास्तर मात्र कपाळावरच्या पट्टीला हात लावून म्हणाले, "पण तुमच्या मुलाने आम्हाला वेगळं सांगितलं. परवा आला होता. म्हणाला, माझंच लक्ष उडालं, ब्रेक दाबायला उशीर झाला. पोलिसांकडेही त्याने तसाच जबाब लिहून दिलाय. मी सही पाहिली त्याची."

परवा. म्हणजे लायनरचा वास घेतल्यानंतर. मला हे माहीत नव्हतं, आणि आईला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. बाईंनी सवयीने चहाचं आधण ठेवायला उठल्यासारखं केलं आणि परत बसल्या. शेवटी चहा आईनेच केला, त्यांच्या चुलीवर, त्यांनी डबे दाखवले तसा. आम्ही निघताना बाई म्हणाल्या, "तुमचा मुलगा मोटार चांगली चालवतो हो. दुसरा असता तर आम्ही दरीत असतो." आईने मान हलवली, पण मला वाटतं तिच्या कानात ते गेलं नाही.

परतीच्या एसटीत तिने मला सांगितलं, "तू शिकलेला हायस. लिहून दे साताऱ्याच्या कचेरीत. म्हाताऱ्या आईनं केलं म्हनून लिही. अंगठा मी देती."

मी लिहिलं. आईला घेऊन साताऱ्याला गेलो. तिथला अधिकारी वयाने मोठा आणि बोलायला सभ्य होता. त्याने कागद दोनदा वाचला, आईला खुर्ची द्यायला लावली. मग म्हणाला, "आजी, तुमचं खरं असेल. पण गाडी रस्त्यावर काढायच्या आधी तपासायची जबाबदारी चालवणाऱ्याची. तेल कुणी लावलं हा घरातला प्रश्न झाला. भाड्याची माणसं बसवायचा त्याचा परवाना आता रद्द होईल." तो चुकीचं बोलला असं मी म्हणू शकत नाही. मी त्याच्या जागी असतो तर हेच लिहिलं असतं.

घरी येऊन दादाला सांगितलं. "बराबर हाय सायबाचं," तो म्हणाला. "लायनर काळं दिसलं तवाच म्या वास घ्याला पायजे व्हता. मी ड्रमच्या रंगाकडं बघत बसलो."

"नवे लायनर घालून निदान घरापुरती तरी ठेव," मी म्हणालो. "परवाना नसला तरी मोटार आपली आहे."

"न्हाई. आता उतार लागला की मला पायाखाली तेच लागल. मानसं कशी बसवू त्यात? तुमास्नी तरी कसं बसवू?"

दिवाळीला अजून थोडे दिवस होते. मुंबईच्या सोबत्याला नकार कळवायचा राहून गेला होता, तेव्हा ती जागा तशीच होती. मोटार इस्लामपूरच्या एकाने नेली. दादाने त्याला चारही ड्रम उघडून दाखवले, लायनर बदलल्याशिवाय पाय ठेवू नको म्हणून बजावलं, आणि मोटार वळणाआड जाईपर्यंतही थांबला नाही. आत येऊन त्याने माळ्यावरची लोखंडी ट्रंक काढली. तिच्यावर त्याचा फौजेतला नंबर अजून पांढऱ्या रंगात होता. वहिनींनी कपडे घड्या करून भरले. मोठा मुलगा शाळेतून आला तेव्हा ट्रंकेला कुलूप लागलेलं होतं. बापाचं जाणं त्याला सवयीचंच होतं, येणं नवीन होतं.

दादा गेला त्या दिवशी दुपारी आई ओसरीवर बसून होती. वहिनी गोठ्यात वैरण टाकून आल्या, पाय धुतले आणि आत जायला लागल्या.

"आगं," आई म्हणाली, "एकदा मला बोल. तोंडभर बोल. मनात नको ठिवू."

वहिनी उंबऱ्यात थांबल्या. मला वाटलं, आता बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, आईच्या दृष्टीने आणि त्यांच्याही.

"काय बोलायचं, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "वरल्या रानाला पानी लावायचं हाय. चारला लाईट येतीया." आणि फावडं घेऊन गेल्या.

दादा मुंबईला त्याच जागेवर चौदा वर्षं राहिला. त्याने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. वहिनींनी आईला त्या गोष्टीवरून कधी एक शब्द काढला नाही. आई गेली त्याच्या आदल्या महिन्यात तिने मला जवळ बोलावून विचारलं होतं, "ती कवा काय बोलली का रं तुझ्यापाशी?" मी नाही म्हणालो. ते खरंच होतं. तिने मान भिंतीकडे वळवली.